चार फुटाला एक सूत कमी

आमच्या साडूंना खोटं बोलायला जमायचं. नको असलेला पाहुणा दाराशी आला की 'ते बाहेर गेलेत' हे ते स्वतःच आतून ओरडून सांगत. पण खोटं मोजायला त्यांना जन्मात जमलं नाही.

मला लिहायची सवय नाही. नोकरीत मी आवक-जावकच्या वह्या भरल्या आणि त्यात अख्खं वाक्य लिहायची वेळ क्वचितच यायची. पण साडूभाऊंच्या कारखान्याची हकीकत हल्ली लोक भलतीच सांगतात. कुणी म्हणतं त्यांनी पाहणीच्या साहेबांना पैसे चारले, कुणी म्हणतं साहेबांना गाळ्यात कोंडून सही घेतली. दोन्ही वेळा मी तिथे होतो असंही सांगतात. म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो. कुणी वाचलं तर ठीक, नाही वाचलं तरी ठीक.

साडूभाऊ टर्नर होते. एका मोठ्या कारखान्यात एकाच लेथपुढे, म्हणजे धातू कातायच्या यंत्रापुढे, ते चौतीस वर्षं उभे राहिले. तिथे त्यांना सगळे 'मायक्रोमीटर' म्हणत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. सुतार आणि गवंडी सुतापाशी थांबतात, साडूभाऊंचं मोजणं तिथून सुरू व्हायचं. आमच्या घरी एकदा चहाला आले, जेवणाच्या टेबलावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ह्याचा उजवा पाय दीड सूत तोकडा आहे." त्या टेबलावर आम्ही नऊ वर्षं सुखाने जेवत होतो. त्या दिवसापासून ते आम्हाला हलतंय असं वाटायला लागलं.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळेच ताई म्हणतो. ताई सांगायची, "लग्नाच्या पहिल्या वर्षी हे मला म्हणाले, तुझा डावा खांदा जरा खाली आहे. मी म्हटलं, भाजीची पिशवी तुम्ही उचलत चला, येईल वर."

ताई घरी शिवणकाम करायची. बाजारातल्या बॉबिनी डुगडुगत, खालचा दोरा गुंता करून बसे, आणि ताई मशीनला शिव्या देई. एके दिवशी साडूभाऊंनी जेवणाच्या सुट्टीत पोलादी सळईच्या तुकड्यातून एक बॉबीन कातून आणली. ती सत्तावीस वर्षं चालली. मधे एक मशीन बदललं, बॉबीन तीच राहिली. शेजारणी ती उसनी मागायला येत. ताई म्हणे, "नवरा हवा तर घेऊन जा, बॉबीन मिळणार नाही."

मग तो मोठा कारखाना बंद पडला आणि यंत्रं भंगाराच्या भावात निघाली. आपला लेथ टेम्पोत चढताना साडूभाऊंना बघवेना. हातात आलेले निवृत्तीचे पैसे त्यांनी तिथेच मोजले आणि लेथ उतरवून घेतला. आता आपण बॉबिनी करायच्या, एवढंच ते घरी येऊन बोलले. शिवणवर्गाच्या बाईंनी ताईची बॉबीन हातात घेऊन पाहिली आणि सांगितलं, अशा असतील तर जेवढ्या कराल तेवढ्या मी घेते.

औद्योगिक वसाहतीत त्यांना सतरा नंबरचा गाळा मिळाला. करारात एक अट होती. ताबा मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत 'उत्पादन सुरू झाल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा लेखी दाखला' दिला नाही, तर गाळा परत घेतला जाईल. हे वसाहत कार्यालयाचं म्हणणं. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर परवाना कार्यालय होतं. त्यांचं म्हणणं असं की परवाना हातात आल्याशिवाय उत्पादनाचं बटण दाबलं तर तो गुन्हा. दोन्ही कार्यालयांच्या मधे चौदा पायऱ्यांचा जिना होता, पण त्याच्यावरून एखादा कागद आपण होऊन वर गेलेला कुणी पाहिला नव्हता.

म्हणजे वर्षाच्या आत परवाना आला नाही तर गाळा जाणार. आणि लेथ तर काँक्रीटच्या पायात बोल्ट मारून बसवलेला. तो चार दिवस लेव्हल लावून, खाली कागदाएवढ्या पातळ पट्ट्या सरकवत त्यांनी सपाट केला होता. तो उपटायचा म्हणजे पुन्हा भंगारवाल्याचा टेम्पो. ताईने मला एकदाच सांगितलं, "लेथ गेला तर हे जातील." नंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

अर्ज अकरा होते. माझं अक्षर बरं आहे, म्हणून भरायचं काम माझ्याकडे आलं. द्यायला मात्र दोघे जायचो. परवाना कार्यालयाची खिडकी फार खाली होती. साडूभाऊंनी पहिल्याच दिवशी वीत लावून सांगितलं, "तीन फूट दोन इंच. मुद्दाम केलीय. माणूस बोलायच्या आधीच वाकतो."

पहिला दाखला बॉयलरचा.

"बॉयलर नाही ना तुमच्याकडे?" तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग तसा दाखला घ्यावा लागेल."

"जो नाही त्याचा?"

"नाही त्याचाच. असता तर परवाना लागला असता. तो अर्ज वेगळा."

साडूभाऊंनी चष्मा पुसला. "या अर्जात क्षमता विचारलीय. नसलेल्या बॉयलरची क्षमता किती लिहू?"

अधिकारी विचारात पडला. "लोक साधारण छोटाच लिहितात," तो म्हणाला.

"शून्य लिहिलं तर?"

"शून्य नको. शून्य म्हणजे आहे, पण रिकामा आहे."

शेवटी आम्ही आडवी रेघ मारली. पुढच्या महिन्यात दोन माणसं येऊन गाळ्यात बॉयलर नसल्याची पाहणी करून गेली. एकाने लेथच्या मागेही डोकावून पाहिलं.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. सहाव्या अर्जात रकाना होता: 'यंत्र व भिंत यांमधील अंतर (किमान चार फूट)'. मी आमच्याच स्वयंपाकघरातल्या त्या तोकड्या पायाच्या टेबलाशी बसलो होतो. 'चार फू' एवढं लिहून झालं होतं.

"थांबा," साडूभाऊ म्हणाले. "तीन फूट अकरा इंच सात सूत."

"म्हणजे चारच की."

"चारला एक सूत कमी. मी चार धरूनच पाया घातला होता, अर्धा इंच गिलावा सोडून. गवंड्याला चार सूत गिलावा सांगितला, त्याने पाच मारला."

"साडूभाऊ, एका सुताने काय होतंय? चार लिहितो."

"लिहा. पण मग खाली सही तुमची करा."

दुसरा कुणी असता तर हसून चार लिहून मोकळा झाला असता. माझ्या हातून ते झालं नाही. चौतीस वर्षं ज्या माणसाने सूत सोडलं नाही त्याच्यासमोर ते सोडायची मला लाज वाटली. मी खोडून, त्यावर सही घेऊन, खरं माप लिहिलं. बायको ओट्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "दोघांनी मिळून एक अक्कल वापरली असती तरी चाललं असतं."

तीन महिन्यांनी फाइल परत आली. 'अंतर नियमाहून कमी. पाहणी अधिकाऱ्याचा अहवाल घ्यावा.' पाहणी अधिकारी यायला आणखी तीन महिने गेले. वर्षाचे दहा महिने संपले.

पाहणीचे साहेब आले ते एक जुनी कापडी टेप घेऊन. कातडी डबीतून निघणारी, कडेला चांदीसारखी मूठ असलेली. माणूस सभ्य होता. चहा नको म्हणाला, पंख्याखाली उभा राहून घाम पुसला, आणि टेपचं टोक मला भिंतीला धरायला सांगितलं. मी धरलं. टोकाची पितळी कडी तुटलेली होती आणि टेप तिथे कात्रीने साफ कापलेली होती. मी ते पाहिलं आणि बोललो नाही. बोलायची मला सवय नाही.

"चार फूट, वर सात सूत," साहेब म्हणाले. "अहो काका, उलट जास्तच आहे. तुम्हीच कमी लिहिलंत. मी चार फूट लिहून टाकतो. सुटलात."

कोपऱ्यात ताईने शिलाई मशीन आणून ठेवलं होतं, बॉबिनी तपासायला. ती त्या मशीनवर हात ठेवून उभी होती. तिने डोळे मिटून श्वास सोडला.

"साहेब," साडूभाऊ म्हणाले, "जरा ते टोक बघू."

त्यांनी टेप घेतली, खिशातली पोलादी पट्टी तिच्याशेजारी धरली. "हिचा पहिला इंच नाही."

"कडी तुटली तेव्हा तेवढा भाग कापून टाकला. दिसायला बरं म्हणून. त्याचं काय?"

"ती दर वेळी एक इंच जास्त सांगते."

"काका, अकरा वर्षं मी हिच्यावर..." साहेब बोलता बोलता थांबले. त्यांनी दारातून बाहेर पाहिलं. समोर गाळ्यांची रांग होती. ते सगळे गाळे त्यांनीच मोजले होते.

"म्हणजे तीन फूट अकरा इंच सात सूत," साडूभाऊ समाधानाने म्हणाले. "माझं बरोबर होतं."

साहेबांनी टेप हळूहळू गुंडाळली. "तुमचं बरोबर, म्हणजे माझं अकरा वर्षांचं चूक. आता मी लिहू काय?" त्यांनी काहीच लिहिलं नाही. छत्री विसरून गेले. मी ती पळत जाऊन दिली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू टोक मीच कापलं असावं.

परत आलो तर ताई बोलत होती. तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

"तुम्हाला कारखाना काढायचा होता की जिंकायचं होतं?"

"खोटं कसं लिहू देऊ?"

"तुम्ही कुठे लिहीत होतात? ते लिहीत होते. तुम्ही नुसतं गप्प उभं राहायचं होतं. साधं उभं राहता येत नाही? चौतीस वर्षं पगार कशाचा घेतलात?"

साडूभाऊंनी लेथवरची धूळ पुसली. लेथवर धूळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यातला बादलीवाला आला. तो प्लॅस्टिकच्या बादल्या काढायचा आणि बोलायचाही बादली उपडी केल्यासारखा.

"काका, वसाहतीत बातमी फिरतेय ती खरी का? टेपमधे एक इंच कमी?"

"खरी."

"म्हणजे माझं यंत्र भिंतीपासून तीन फूट अकरा?"

"तुम्ही त्या टेपने चार धरलं असेल तर तेवढंच."

"मी सोडा, इथे चाळीस गाळे आहेत. एकाचंही चार नाही. सगळ्यांत जास्त अंतर तुमचं आहे, आणि बोंब तुम्हीच मारताय. काका, मी तुमच्या पाया पडू का? वयाने लहान आहे, पडायला हरकत नाही. पण हे सूत कुठेतरी नेऊन पुरा."

साडूभाऊंना ते पटलं, पण त्यांच्या पद्धतीने. सूत भिंतीत होतं, तर ते भिंतीतून काढायचं. लेथच्या मागची सगळी भिंत त्यांनी कानस आणि घासायचा दगड घेऊन घासायला काढली. पाच दिवस लागले. मी सरळपट्टी धरायचो, ते घासायचे, मग मोजायचे, मग पुन्हा घासायचे. दोघेही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे. ताई चहा घेऊन यायची आणि दाराशीच थांबायची.

"घासून घासून पलीकडच्या गाळ्यात निघालात तर बादलीवाल्याला माझा नमस्कार सांगा," ती म्हणायची.

पाचव्या दिवशी अंतर बरोबर चार फूट झालं. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. मी फेरअर्ज लिहिला, 'चार फूट' हे दोन शब्द जरा ठळकच काढले, आणि खिडकीत वाकून दिला.

साहेब येईनात. मी चौकशीला गेलो. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, "पाहण्या थांबल्यात. साहेबांनी नवी टेप मागितलीय."

"मग?"

"नवी मिळायची तर जुनी बाद करावी लागते. बाद करायला समिती बसते. समितीने परवा टेप पाहिली."

"बाद केली?"

"नाही. समितीने लिहिलंय, टेप सुस्थितीत असून तिने मोजता येते."

वर्ष भरायला अकरा दिवस उरले होते. मी गाळ्यावर येऊन ते सांगितलं. साडूभाऊंनी खणातून पितळेची एक सळई काढली आणि लेथला लावली.

"साडूभाऊ, परवान्याशिवाय..."

"हे उत्पादन नाही. ही दुरुस्ती आहे."

त्यांनी बटण दाबलं. तो लेथ सुरू झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. फार मोठा आवाज नव्हता, एखादं पोट भरलेलं जनावर श्वास घेतं तसा. साडूभाऊंचा चेहरा मी पाहिला आणि मग दुसरीकडे पाहिलं, कारण माणसाकडे अशा वेळी टक लावून पाहू नये. सव्वा तासाने त्यांनी तळहातावर एक पितळी टोक ठेवलं. टेपला घट्ट चिमटीत धरणारा भाग दोन सूत, आणि पुढे दिसणारा, खुणा कोरलेला, नेमका एक इंच.

आम्ही ते घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब रिकाम्या टेबलाशी बसले होते, टेप खणात. साडूभाऊंनी टोक बसवलं, दाबलं, आणि पोलादी पट्टीशी ताडून दाखवलं. साहेबांनी पहिल्यांदा आपलं टेबल मोजलं.

"दोन फूट अकरा," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं हे तीनचं समजत होतो."

"जवळच होतात," साडूभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून हे दिलासा म्हणून निघालेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब गाळ्यावर आले. मी टोक भिंतीला धरलं. साहेबांनी टेप ताणली, वाकून पाहिलं, सरळ झाले, पुन्हा वाकून पाहिलं. "चार फूट," ते म्हणाले. "बरोबर चार. काका, एवढं बरोबर मी आयुष्यात काही मोजलं नाही." ताईने त्यांना चहा दिला आणि त्यांनी घेतला. सगळं इथे संपायला हवं होतं.

पण साहेबांनी पिशवीतून एक लांबट वही काढली. "आता हे टोक. टेप सरकारी आहे. तिला काही जोडलं की जडवस्तूंच्या वहीत लिहावं लागतं, कुठून आलं ते. बाजारातून आणलं असं लिहू?"

"असं बाजारात मिळत नाही," साडूभाऊ म्हणाले.

ताईने खोकून पाहिलं. मी साडूभाऊंच्या पायावर पाय ठेवला.

"मग घरी कानशीने केलं असं लिहू?"

"कानशीने एवढं साफ येत नाही साहेब. ह्या लेथवर केलं. एकोणीस तारखेला. सकाळी अकरा पाचला लावलं, बारा वीसला उतरवलं."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"काका, विनापरवाना यंत्र चालवलंत असं मला लिहावं लागेल. तुम्हाला समजत नाही का?"

"समजतंय. पण तारीख विचारलीत ना."

"तारीख मी विचारली नव्हती," साहेब म्हणाले, आणि थोडं थांबून, "अकरा वर्षांनी तुम्ही मला सरळ मोजायला लावलंत. आता वाकडं लिहा म्हणूही नका."

म्हणायला कुणी तयारच नव्हतं. त्यांनी नोटीस लिहिली, खाली सही केली, शिक्का मारला. 'आपण दिनांक १९ रोजी गाळा क्रमांक १७ येथे विनापरवाना उत्पादन सुरू केल्याचे आढळले. नग एक, पितळी टोक, लांबी एक इंच. दंड भरून खुलासा येईपर्यंत परवाना अर्ज स्थगित.' जाताना त्यांनी ताईला नमस्कार केला. छत्री या वेळी आठवणीने नेली.

ताईने शिलाई मशीनवर कापड टाकलं, माणसाच्या तोंडावर टाकावं तसं.

मी नोटीस घरी नेली. चार बोल तर मला ऐकायचेच होते. माझी बायको म्हणाली, "भाऊजींनी आता भंगारवाल्यालाही वजन बरोबर सांगावं म्हणजे झालं." मी नोटीस वाचत बसलो. आलेला कागद चारदा वाचायचा आणि त्याचा विषय एका ओळीत लिहायचा, ही माझी जन्माची खोड. विषय काय लिहावा म्हणून मी वाचत होतो. चौथ्या वेळी माझ्या लक्षात आलं, आणि आधी मला वाटलं की माझीच काहीतरी चूक होते आहे. म्हणून करारही काढून शेजारी ठेवला.

करारात 'परवाना' हा शब्दच नव्हता. 'उत्पादन सुरू झाल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा लेखी दाखला' एवढंच होतं. नोटिशीत सक्षम अधिकारी होता, सही होती, शिक्का होता, तारीख वर्षाच्या आतली होती, आणि उत्पादन सुरू केल्याचं लेखी होतं.

सकाळी मी गाळ्यावर गेलो तर साडूभाऊ आधीच एक अर्ज लिहून तयार. वळणदार अक्षरात.

"हा खुलासा?" मी विचारलं.

"नाही. दुरुस्ती अर्ज. नोटिशीत लांबी चुकलीय. साहेबांनी एक इंच लिहिलंय. टेपमधे घुसलेला भाग त्यांनी धरलाच नाही. एक इंच दोन सूत आहे."

मग मी त्यांना आणि ताईला नोटीस आणि करार शेजारी शेजारी ठेवून दाखवले. ताई हळूहळू वाचते. दोन्ही कागद पुरे वाचून होईपर्यंत आम्ही दोघे उभे राहिलो.

"म्हणजे हे वरच्या मजल्यावर दिलं की गाळा राहील," ती म्हणाली.

"राहायला हवा. पण आहे असंच द्यायला हवं. दुरुस्ती मागितली की नोटीस मागे घेतात, नवी काढतात. पंधरा दिवस कुठे गेले नाहीत. आपल्याकडे नऊ आहेत."

ताई नवऱ्याकडे वळली. रागावेल असं मला वाटलं होतं. तिने मशीनवरचं कापड काढलं, आतली जुनी बॉबीन काढून त्यांच्या हातात दिली.

"ही मला दिलीत तेव्हा मी मोजली होती का?" तिने विचारलं.

साडूभाऊ स्टुलावर बसले. एका हातात बॉबीन, दुसऱ्या हातात तो दुरुस्ती अर्ज. ते किती वेळ बसले ते मला सांगता येणार नाही. त्यांना विचारलं तर ते मिनिटांत सांगतील. शेवटी त्यांनी अर्जाची घडी घातली, कडा जुळवून, आणि खिशात ठेवली.

"तुम्ही जा," ते मला म्हणाले. "मी आलो तर सांगून टाकीन."

मी एकटा चौदा पायऱ्या चढलो. वसाहत कार्यालयातल्या कारकुनाने कागद पाहिला आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"आजोबा, हा परवाना नाही. ही दंडाची नोटीस आहे."

मी करार पुढे सरकवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तो वाचायला लागला. दोनदा वाचून झाल्यावर त्याने शेजारच्या टेबलाला विचारलं, शेजारच्या टेबलाने पलीकडच्या टेबलाला. पलीकडचं टेबल म्हणालं, दाखला म्हणजे काय शेवटी, लेखीच ना.

"दंड कसा काय झाला?" कारकुनाने विचारलं.

"उत्पादन सुरू झालं म्हणून."

"मग झालंच की सुरू," तो म्हणाला, आणि शिक्का उचलला. मग शिक्का हवेत धरूनच विचारलं, "मजकूर सगळा बरोबर आहे ना? लांबीबिंबी?"

तो सहज विचारत होता. एवढ्या वर्षांत मी वहीत एकही चुकीची नोंद केली नव्हती.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

गाळा राहिला. दंड भरला. परवाना त्यानंतर सात महिन्यांनी आला, बॉयलर नसल्याच्या दाखल्यासकट. भिंत घासली होती हे साडूभाऊंनी नवव्या अर्जात प्रामाणिकपणे लिहिलं होतंच. बांधकाम विभागाने त्यावर कळवलं, 'एक सूत' हे माप त्यांच्या कोष्टकात नाही, सबब बदल झालेला नाही. वसाहतीतल्या चाळीस गाळ्यांच्या फायलींवर साहेबांनी एकच शेरा मारला: 'तत्कालीन टेपनुसार योग्य.' बादलीवाल्याने त्या दिवशी साडूभाऊंना एक बादली आणून दिली. साडूभाऊंनी ती उलटी करून पाहिली आणि, ताईने डोळे वटारल्यामुळे, काही बोलले नाहीत.

आता बॉबिनी निघतात. प्रत्येक बॉबीन ताई आपल्या मशीनवर एकदा चालवून पाहते आणि मगच डब्यात टाकते. परवाना दाराजवळ टांगलाय, नियम आहे म्हणून. लेथच्या मागे, घासलेल्या भिंतीवर, ती दंडाची नोटीस काचेत घालून लावली आहे. येणारा-जाणारा ती वाचून हसतो.

परवा चष्मा लावून मी ती जवळून पाहिली. 'लांबी एक इंच' याच्या खाली, काचेच्या आत, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'व दोन सूत'. ताईला दाखवलं. ती म्हणाली तिने ते पहिल्याच आठवड्यात पाहिलंय, आणि मी कुणाला सांगू नये.